नाशिकमधलं हरिकेन : दोन विमानांच्या अवशेषांतून एक सांगाडा उभा करताना

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धात भारतीय हवाई दलाच्या वैमानिकांनी ज्या लढाऊ विमानावर सर्वाधिक भिस्त ठेवली ते हॉकर हरिकेन. १९४४ मध्ये इंफाळला वेढा पडला तेव्हा अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखालचं पहिलं स्क्वाड्रन हरिकेनवरच होतं. मेहर सिंग यांच्या हाताखालचं सहावं स्क्वाड्रन याच विमानातून ब्रह्मदेशच्या आघाडीवर टेहळणी करत होतं. जगभरात चौदा हजारांहून जास्त हरिकेन तयार झाली. भारतात आलेली बहुतेक युद्धानंतर भंगारात गेली, आणि दिल्लीच्या पालम इथल्या हवाई दल संग्रहालयात एक जपलेलं आहे.

काही विमानं मात्र भंगारात न जाता तंत्रशिक्षण संस्थांकडे गेली. मुलांना रिव्हेट, केबल आणि इंजिनाचे भाग दाखवायला ती आवारात उभी राहिली. बनारस हिंदू विद्यापीठातलं आर ४११८ हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध. १९४० च्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मध्ये प्रत्यक्ष लढलेलं हे विमान ब्रिटिश विमानप्रेमी पीटर व्हॅचर यांना १९८२ मध्ये तिथे दिसलं. २००१ मध्ये ते विकत घेऊन इंग्लंडला नेण्यात आलं आणि २००४ च्या डिसेंबरमध्ये ते पुन्हा आकाशात झेपावलं. त्यानंतर जुन्या संस्थांच्या भांडारांकडे पाहण्याची अनेकांची नजर बदलली.

इथे मांडलेलं प्रकरण अशाच एका भांडारातून सुरू झालं. त्यातल्या व्यक्तींची, संस्थांची आणि कारखान्यांची नावं वगळली आहेत. काम नाशिकला झालं आणि ते नाशिकला होण्यामागे ठोस कारण आहे. ओझरला १९६४ पासून मिग-२१ आणि पुढे मिग-२७, सुखोई-३० बांधणारा कारखाना उभा राहिला. त्यामुळे हाताने पत्रा घडवणारे, रिव्हेट मारणारे, जिगवर सांगाडा सरळ करणारे निवृत्त कारागीर या शहरात घरोघर सापडतात. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एकच नग असला तरी डाय बनवून देणारे टूलरूमवाले आहेत. अभियांत्रिकीचे दोन प्राध्यापक, चार निवृत्त फिटर, अंबडमधला एक पत्राकामाचा उद्योजक आणि विद्यार्थ्यांची बदलती तुकडी असा हा गट होता.

हाती काय होतं

जुन्या तंत्रशिक्षण संस्थेचं भांडार रिकामं होत असताना डेड स्टॉक रजिस्टरमध्ये ‘एरोप्लेन, जुने, अपूर्ण’ अशी एक नोंद निघाली. प्रत्यक्षात होतं ते असं: पंखांचा मधला भाग दोन्ही मुख्य स्पारसह (स्पार म्हणजे पंखाचा भार पेलणारी आडवी तुळई), कॉकपिटच्या बाजूच्या नळ्या आणि त्यांच्या सांध्यांच्या पट्ट्या, शेपटीकडच्या सांगाड्याचे तीन कप्पे, डाव्या चाकाचा पाय, सुकाणूची चौकट, आणि पत्र्याच्या डब्यात दोन उपकरणं. बाहेरचे पंख, इंजिन, प्रोपेलर, लाकडी कमानी आणि कापड यांपैकी काहीही उरलं नव्हतं.

ताबा घेण्याच्या टप्प्यावर गटाने घाई केली नाही, आणि पुढचं सगळं त्यामुळेच सुरळीत झालं. संस्थेचा निर्लेखनाचा ठराव, लिलावाची पावती, गेटपास आणि उचलण्याआधी काढलेले फोटो अशी फाइल पहिल्याच दिवशी तयार झाली. पुरावस्तूंबाबतच्या १९७२ च्या कायद्यात शंभर वर्षांची मर्यादा असल्यामुळे हे अवशेष त्यात बसत नव्हते, पण मालकीचा कागद नसता तर कुठलंही संग्रहालय त्यांना दारात घेत नाही. हरिकेनच्या तोफा बाहेरच्या पंखांत असतात. ते पंखच नसल्याने काडतुसांचा प्रश्न आला नाही. तो येतो तेव्हा एकच गोष्ट करायची असते: हात न लावता पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकाला बोलवायचं.

डब्यातली उपकरणं हा वेगळा विषय. त्या काळच्या तबकड्यांवर अंधारात दिसण्यासाठी रेडियमचा रंग असे. तो रंग आता चमकत नाही, म्हणून पुष्कळजण तो निकामी समजतात. चमक देणारं झिंक सल्फाइड काही वर्षांत मरतं, पण रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं आहे. काच फुटलेली तबकडी टूथब्रशने साफ करणं म्हणजे ती पूड श्वासात घेणं. गटाने गायगर काउंटरने मोजणी करून घेतली, काटा हलला, आणि दोन्ही उपकरणं न उघडता बंद डब्यात, फलक लावून, अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांप्रमाणे काय करायचं याची विचारणा होईपर्यंत बाजूला ठेवली. प्रदर्शनात त्यांच्या जागी छापील तबकड्या आहेत.

मूळ प्रश्न

संस्थेच्या जुन्या कर्मचाऱ्यांमध्ये एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जात होती: हे विमान इंफाळला लढलेलं आहे. गोष्ट खरी असू शकत होती. पण कामाला पैसे देऊ पाहणाऱ्या एका देणगीदाराला ‘असू शकत होती’ पुरत नव्हतं. त्याला विमानावर इंफाळच्या स्क्वाड्रनचा क्रमांक आणि हवाई दलाची खूण असलेलं लाल ठिपक्याचं ठसठशीत वर्तुळ हवं होतं.

त्यामुळे दोन प्रश्न एकमेकांत गुंतले. हे नेमकं कोणतं विमान? आणि जे हाती आहे त्यातून किती उभं करायचं? दुसऱ्याचं उत्तर पहिल्यावर अवलंबून होतं. ओळख पटली असती तर प्रत्येक मूळ तुकडा जागच्या जागी ठेवणं भाग होतं. पटली नसती तर विमानाच्या नावाने काही सांगण्याचा हक्कच राहत नव्हता, फक्त प्रकाराबद्दल सांगता आलं असतं. पुनर्बांधणीत बहुतेक गट नेमके इथे घसरतात. आधी रंग ठरतो, मग त्या रंगाला शोभेल असा पुरावा शोधला जातो.

शोध : कागद

ब्रिटिश बनावटीच्या लष्करी विमानाचा माग काढण्याची वाट ठरलेली आहे. प्रत्येक विमानाचा एक अनुक्रमांक असतो, एक-दोन रोमन अक्षरं आणि तीन-चार आकडे. त्यावरून हालचालीचं कार्ड मिळतं, अपघात झाला असेल तर त्याचं कार्ड मिळतं, आणि स्क्वाड्रनच्या रोजनिशीत कोणी कोणत्या दिवशी कोणतं विमान उडवलं ते सापडतं. या रोजनिशा लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

भारतात आलेल्या विमानांची अडचण अशी की हालचालीचं कार्ड बऱ्याचदा बंदरावर थांबतं. विमान भारतात पोचल्याची नोंद आणि काही वर्षांनी ‘यादीतून कमी’ एवढंच. मधली लढाईची वर्षं कार्डावर नसतात, ती फक्त रोजनिशीतून भरता येतात, आणि त्यासाठी आधी अनुक्रमांक हातात लागतो. म्हणजे कागदाची वाट धातूपाशी येऊन थांबते.

बांधणीचे कागद मात्र मिळाले. हरिकेनची देखभाल-पुस्तिका, एअर पब्लिकेशन १५६४, आणि लंडनच्या हवाई दल संग्रहालयातल्या मूळ आराखड्यांच्या मायक्रोफिल्मवरून काढलेल्या प्रती. इथे एक गोष्ट नवख्यांनी लिहून ठेवावी. पुस्तकांत आणि जालावर मिळणारे तीन बाजूंचे नकाशे हे मॉडेल बनवणाऱ्यांसाठी असतात. ४० फूट पंखांचं विमान पानभर चित्रातून मोठं केलं की पेन्सिलच्या रेषेची जाडीच इंचात जाते. गटाने असे नकाशे फक्त ‘कोणता भाग कुठे’ हे समजायला वापरले. माप घेतलं ते कारखान्याच्या आराखड्यावरून किंवा मूळ तुकड्यावरून.

शोध : धातू

आता अवशेषांवर काय दिसतं ते. हरिकेन हॉकरच्या स्वतःच्या कारखान्यांत बनलं, ग्लॉस्टरमध्ये बनलं, थोडी ऑस्टिनमध्ये बनली आणि कॅनडात फोर्ट विल्यम इथेही बनलं. तपासनिसाचे बारीक शिक्के, भाग क्रमांक, सांध्याच्या पट्ट्यांवरचे पंचाचे ठसे यांवरून कारखाना ओळखता येतो. हे शिक्के धुळीखाली आणि रंगाखाली असतात. ते शोधायचे तर तिरका उजेड, मऊ ब्रश आणि भिंग, बस्स.

विद्यार्थ्यांनी प्रत्येक नळीला दोऱ्याने टॅग बांधला, फोटो काढला आणि शिक्क्यांचा तक्ता बनवला. तक्ता पूर्ण झाला तेव्हा चित्र स्पष्ट होतं. पंखांच्या मधल्या भागावरचे शिक्के एका कारखान्याचे, शेपटीच्या कप्प्यांवरचे दुसऱ्याचे. शिवाय दोन्ही भाग जिथे एकमेकांना मिळायला हवे तिथली बोल्टची भोकं जुळत होती, पण शेपटीच्या बाजूला त्याच पट्टीवर जुन्या, भरलेल्या भोकांची दुसरी ओळ होती. म्हणजे हे एक विमान नव्हतंच. युद्धकाळात दुरुस्ती डेपोंत एका मोडक्या विमानाचा पुढचा भाग आणि दुसऱ्याची शेपूट जोडणं रोजचं होतं. हरिकेनचा सांगाडा बोल्टने जोडलेला असल्याने ते काम सोपंही होतं. हा जोड लढाईच्या काळात झाला की संस्थेत शिकवण्यासाठी, हे धातूवरून ठरवता आलं नाही.

रंगाच्या थरांनी थोडी भर घातली. खरकागदाने लहान गोल घासत गेलं की कडेला एकेक थर वलयासारखा उघडा पडतो. सुकाणूच्या चौकटीवर सर्वांत वर संस्थेचा चंदेरी रंग, त्याखाली गडद हिरवा, त्याखाली तांबूस प्रायमर. मधल्या भागावरचा पुरावा मात्र निम्मा गेला होता. एक स्पार साफ करायला बाहेर एका कारखान्यात दिली होती. ‘फक्त माती काढा’ असं तोंडी सांगितलं होतं, पण तिथे नेहमीच्या पद्धतीने सँडब्लास्टिंग (वाळूचा झोत मारून घासणं) झालं आणि धातू चकाचक होऊन परत आला. अनुक्रमांक बहुधा तिथे नव्हताच, तो धडाच्या कापडावर रंगवलेला असे. पण रंगाचे थर आणि काही शिक्के कायमचे गेले. त्यानंतर गटाने नियम केला की कोणताही मूळ भाग कार्यशाळेबाहेर जाताना त्यावर लाल चिठ्ठी, सोबत लेखी काम-आदेश, आणि गटातला एक माणूस.

पर्याय

चार पर्याय मांडले गेले.

पहिला, काहीच न बांधता अवशेष जसे आहेत तसे काचेआड ठेवणं. पुराव्याच्या दृष्टीने हा सर्वांत निर्धोक. अडचण एवढीच की हरिकेन कधी न पाहिलेल्या माणसाला तो गंजलेल्या नळ्यांचा ढीग वाटतो.

दुसरा, उडण्याजोगं विमान. हा पर्याय एका बैठकीत संपला. मर्लिन इंजिन, उड्डाणयोग्य स्पार, प्रमाणित साहित्य, आणि हवाई वाहतूक महासंचालनालयाची परवानगी. हरिकेनची स्पार हीच मोठी अडचण आहे: पोलादी पट्टी गुंडाळून केलेल्या बहुकोनी नळ्या, मध्ये त्यांना जोडणारा पत्रा, आणि ती पट्टी गुंडाळण्याची यंत्रणा आज जगात मोजक्या ठिकाणी आहे.

तिसरा, फायबरग्लासची पूर्ण आकाराची प्रतिकृती. ब्रिटिश हवाई दलाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या तळांच्या दारातली खरी स्पिटफायर आणि हरिकेन हटवून अशाच प्रतिकृती उभ्या केल्या. खर्च कमी, रंग हवा तो, पावसात उभी राहते. देणगीदाराला हाच पर्याय आवडला होता. पण त्यात मूळ अवशेषांना जागाच नव्हती. आणि फायबरच्या गुळगुळीत कवचातून हरिकेनचं वैशिष्ट्य, म्हणजे आतला नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर लाकूड नि कापड, दिसतच नाही.

चौथा, मिश्र पद्धत. मूळ मधला भाग आणि शेपटीचे कप्पे, त्यांच्यामध्ये नव्याने बांधलेलं धड, डाव्या बाजूला लाकूड आणि कापड पूर्ण, उजवी बाजू पूर्ण उघडी. बाहेरचे पंख नाहीत, इंजिन नाही. इंजिनाच्या जागी फक्त चौकट.

चौथा निवडला गेला, पण एकमताने नाही. निवृत्त फिटरांपैकी दोघांचा पंखांसाठी आग्रह होता, कारण पंख नसलेलं विमान त्यांना अपुरं वाटत होतं. शेवटी मापाने निकाल दिला. मिळालेल्या सभागृहात १२ मीटर पंख मावतच नव्हते, आणि पंखांसाठी मूळ असा एकही तुकडा नव्हता. या निवडीत सर्वांत चांगलं काय असेल तर ते उजवी बाजू उघडी ठेवणं. नवं काय, जुनं काय, जोड कुठे आहे, हे सगळं पाहणाऱ्याला स्वतः तपासता येतं.

बांधणी : नळ्या

हरिकेनच्या धडात वेल्डिंग नाही. गोल नळीची टोकं चौकोनी केलेली असतात, दोन्ही बाजूंना सपाट पट्ट्या लावून बोल्ट आणि रिव्हेट मारलेले असतात. बोल्ट आवळताना नळी चेपू नये म्हणून प्रत्येक भोकाच्या आत एक आखूड ठेपणीची नळी बसते. मागच्या कप्प्यांत तिरप्या तारा ताणून चौकट सरळ ठेवतात.

मूळ पोलाद टी-४५ जातीचं. त्याच्या थोड्याच नळ्या लागणार होत्या, आणि एवढ्या कमी प्रमाणात ते परवडणारं नव्हतं. स्थिर प्रदर्शनाला वाहनांसाठीच्या आयएस ३०७४ च्या नळ्या पुरेशा ठरल्या. पण त्या शिवणीच्या (पत्रा वळवून जोडलेल्या) नळ्या असल्याने पहिल्या खेपेला टोकं चौकोनी करताना निम्म्या कोपऱ्यावर चिरल्या. कारण साधं होतं: शिवण कोपऱ्यावर येत होती आणि कोपऱ्यावरच धातू सर्वांत जास्त वाकतो. पुढच्या खेपेला प्रत्येक नळीवर शिवण खडूने आखून ती सपाट बाजूच्या मध्यावर धरली, आत चौकोनी मँड्रेल (आधाराची भरीव कांडी) घातला, आणि दाब एका झटक्यात न देता तीन डायमधून टप्प्याटप्प्याने दिला. त्यानंतर चिरा थांबल्या. सातपूरच्या टूलरूममध्ये बनलेल्या या तीन डाय म्हणजे या कामातली सर्वांत उपयोगी खरेदी.

आट्यांचा गोंधळ मात्र महिनाभर पुरला. विमानातले सगळे बोल्ट जुन्या ब्रिटिश आट्यांच्या मापांचे, बीए आणि बीएसएफ. दुकानात मिळतात ते मेट्रिक. २ बीएचा व्यास ४.७ मिलिमीटर आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.८१, एम ५ चा व्यास ५ आणि पिच ०.८. इतके जवळचे की २ बीएच्या नटमध्ये एम ५ चा बोल्ट सुरुवातीला शिरल्यासारखा वाटतो आणि मग अडकतो. पाव इंच बीएसएफच्या नटमध्ये एम ६ बोल्ट तर पूर्ण जातो, सैल वाटतो, आणि आवळला की आटे चेपतात. एका मूळ पट्टीचा नट असाच खराब झाला. ओझरला आयुष्य घालवलेल्या एका फिटरकाकांनी त्यानंतर बाकाच्या वर पाटी लावली: ‘आधी आटा मोज, मग पाना उचल.’ शेवटी सगळे मूळ भाग ब्रिटिश आट्यांवर आणि सगळे नवे भाग मेट्रिकवर असा नियम झाला, आणि दोन्ही बोल्टचे डबे वेगळ्या रंगाचे केले.

सांगाडा सरळ करताना स्कॅनिंगने एकदा फसवलं. शेपटीच्या कप्प्यांचं लेझर स्कॅन करून त्यावरून नव्या नळ्यांची लांबी काढली होती. जोडून पाहिल्यावर धड डावीकडे झुकलं. मूळ डावी नळीच वर्षानुवर्षं एका टोकावर टेकून वाकली होती आणि स्कॅनने तो वाक इमानेइतबारे मोजला होता. मग आराखड्यावरची मापं प्रमाण मानली, प्रत्येक कप्प्याचे दोन्ही कर्ण मोजले आणि त्यांतला फरक एक षोडशांश इंचाच्या आत येईपर्यंत तारा ताणल्या. वाकलेली मूळ नळी सरळ केली नाही. तिला तशीच ठेवून शेजारच्या नव्या पट्टीत फरक घेतला.

बांधणी : पत्रा, लाकूड, कापड

कॉकपिटच्या पुढच्या पत्र्याच्या झाकणांसाठी ड्युराल्युमिनला जवळचा २०२४ मिश्रधातू वापरला. याचे रिव्हेट सुमारे ४९५ अंश सेल्सिअसला तापवून पाण्यात बुडवले की मऊ होतात, पण नेहमीच्या तापमानाला दहा-वीस मिनिटांतच पुन्हा कठीण होऊ लागतात. जुन्या कारागिरांना हे पाठ असतं. ते रिव्हेट थर्मासमध्ये बर्फ घालून आणत आणि एका वेळी मूठभरच बाहेर काढत. विद्यार्थ्यांना शिकवलेला नियम असा: पत्र्याबाहेर रिव्हेटची उरलेली लांबी व्यासाच्या दीडपट, कडेपासून भोकाचं अंतर व्यासाच्या दुप्पट. याहून कमी अंतर ठेवलं की कड फाटते. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम जिथे भिडतात तिथे सांध्याची पेस्ट लावली, नाहीतर नाशिकच्या पावसाळ्यात दोन हंगामांत पांढरी भुकटी पडायला लागते.

कमानी प्लायवुडच्या, त्यांवर लांब पट्ट्या सरळ रेषेच्या स्प्रूस लाकडाच्या. कापडासाठी तीन गोष्टी पुढे होत्या. विमानांसाठी विकलं जाणारं पॉलिएस्टर कापड इस्त्रीने ताणतं, टिकतं, पण पृष्ठभाग काचेसारखा दिसतो. मालेगावच्या मागावरचं घट्ट सुती कापड स्वस्त होतं. नमुन्यावर ते ओलं झाल्यावर सैल पडलं. म्हणून लिननच घेतलं, चौरस वाराला सुमारे ४ औंस वजनाचं, युद्धकाळात होतं तसं. सुकाणूच्या चौकटीवर कापड पट्ट्यांभोवती दोऱ्याने शिवायचं असतं, प्रत्येक टाक्याला गाठ मारून, म्हणजे एक सुटला तरी पुढचे उसवत नाहीत. हे काम येवल्याच्या दोन विणकर भगिनींनी केलं. टाक्यांमधलं अंतर त्यांनी डोळ्यांनी राखलं आणि मोजलं तेव्हा ते आराखड्यात बसलं.

डोप म्हणजे कापड ताणून घट्ट करणारा, लाखेसारखा लेप. त्याचा टप्पा ऑगस्टमध्ये सुरू केला हा निर्णय चुकला. डोपमधलं द्रावण उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं बाष्प त्यावर साचतं आणि सगळं कापड दुधाळ पांढरं होतं. कापडाचा पहिला भाग असाच गेला. डोप काढून तो पुन्हा फेब्रुवारीत केला, हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली असताना, दुपारच्या वेळी. आधी पातळ केलेला तांबूस डोप ब्रशने आडवा-उभा, मग चंदेरी, मग रंग. एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली: ताण देणाऱ्या डोपचे गरजेपेक्षा जास्त हात दिले की तो लाकडी पट्ट्यांना आत ओढतो. मागच्या बाजूच्या दोन पट्ट्या त्यामुळे वाकल्या आणि बदलाव्या लागल्या. नायट्रेट डोप पेट्रोलसारखा पेटतो, म्हणून त्या खोलीत वेल्डिंगचं, घासण्याचं कुठलंही काम होणार नाही आणि पंखे स्फुल्लिंगरोधक असतील हे सुरुवातीलाच ठरलं होतं.

रंग आणि देणगीदार

निर्णायक बैठक रंगावर झाली. धातूने सांगितलं होतं की ही दोन विमानं आहेत आणि दोन्हींचा अनुक्रमांक माहीत नाही. देणगीदाराचं म्हणणं होतं की लोकांना इंफाळ हवंय, आणि वर्तुळात लाल ठिपका नसेल तर ते ‘ओळखीचं’ वाटणार नाही.

लाल ठिपक्याबाबत उत्तर सरळ होतं. जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी गल्लत होऊन आपल्याच तोफा आपल्या विमानांवर चालू नयेत म्हणून या आघाडीवर १९४३ पासून लाल रंग काढून टाकला गेला. गडद आणि फिकट निळ्याची लहान वर्तुळं आली. ब्रह्मदेश आघाडीचं हरिकेन म्हणून दाखवायचं तर लाल ठिपका चूकच.

स्क्वाड्रनच्या क्रमांकाबाबत गटाने जास्त विचार केला. एक मधला मार्ग सुचवला गेला: ‘स्मरणार्थ रंगवलेलं’ असं लिहून इंफाळचा क्रमांक द्यायचा. संग्रहालयं असं करतात आणि त्यात गैर काही नाही. पण मूळ अवशेष असलेल्या वस्तूवर असा क्रमांक आला की दहा वर्षांत फलक हरवतो आणि क्रमांक उरतो. मग पुढचा संशोधक तोच पुरावा म्हणून उचलतो. गटाने ठरवलं की हिरवा-तपकिरी रंग, निळी वर्तुळं, आणि अनुक्रमांकाची जागा रिकामी. देणगीदार बाजूला झाला. त्यामुळे काही काळ काम रखडलं. पुढे अंबड-सातपूरच्या लहान उद्योजकांनी रोख रकमेऐवजी साहित्य आणि यंत्रवेळ देऊन ते पूर्ण केलं.

निष्पत्ती

सांगाडा आज शहरातल्या एका शिक्षणसंस्थेच्या सभागृहात उभा आहे. त्याचा भार लपवलेल्या पोलादी स्टँडवर आहे. मूळ डावा पाय जमिनीला टेकलेला दिसतो, पण वजन घेत नाही. प्रत्येक नव्या भागावर लपलेल्या जागी ‘न’ अक्षर आणि साल पंचाने कोरलेलं आहे, आणि त्याची नोंद भागांच्या रजिस्टरमध्ये आहे. मूळ पोलाद हाताने, पितळी ब्रशने साफ करून त्यावर टॅनिक आम्ल आणि मेण चढवलं आहे. मेणाचा थर हवा तेव्हा काढता येतो. मूळ अ‍ॅल्युमिनियमवर पोलादी ब्रश कुठेही फिरवलेला नाही, कारण त्याचे कण रुतून बसतात आणि तिथेच गंज धरतो.

फलकावर लिहिलं आहे: ‘हॉकर हरिकेनच्या किमान दोन विमानांचे अवशेष, नव्या भागांसह जोडलेले. अनुक्रमांक अज्ञात.’ हे वाचून काही पाहुणे निराश होतात. पण सर्वांत जास्त वेळ ते थांबतात ते उघड्या बाजूला, जुन्या पट्टीवरच्या भरलेल्या भोकांपाशी. विद्यार्थी तिथे उभं राहून दोन विमानांची जुळणी समजावतात, आणि प्रश्न तिथेच सर्वांत जास्त येतात.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी स्पारचं सँडब्लास्टिंग. लेखी आदेश आणि सोबतीचा माणूस ही गोष्ट पहिल्या दिवसापासून हवी होती. गेलेला रंग परत येत नाही. रंगाच्या थरांची नोंद हे पहिलं काम असायला हवं होतं, भाग हलवण्याआधीच. प्रत्यक्षात ते चौथ्या-पाचव्या टप्प्यावर झालं.

शिक्क्यांचा तक्ता आधी बनला असता तर दोन विमानांचा उलगडाही आधी झाला असता आणि देणगीदाराशी बोलणी त्याच्या आधारावर सुरू झाली असती. तेव्हा त्याला प्रस्ताव पाठवताना ‘इंफाळचं विमान’ हे शब्द गटाने स्वतःच वापरले होते. पुढचा वाद तिथून उगवला. प्रस्तावात ‘हरिकेनचे अवशेष, ओळख तपासणीखाली’ एवढंच लिहिलं असतं तर कदाचित देणगीदार सुरुवातीलाच बाजूला झाला असता, पण मध्यावर नाही.

डोपचं वेळापत्रक पावसाळ्याभोवती आखायला हवं होतं. नाशिकला नोव्हेंबर ते मार्च हा कापडाच्या कामाचा हंगाम धरावा. जून ते सप्टेंबरमध्ये नळ्या, पत्रा आणि कागदपत्रं करावीत.

पंख न बांधण्याच्या निर्णयावर गटात अजूनही दोन मतं आहेत. एक तोडगा नंतर सुचला: मधल्या भागाला बाहेरचा पंख जोडण्याच्या चारही बिंदूंपाशी पंखाचा फूटभर लांबीचा उघडा छेद लावायचा, त्यात साडेतीन अंशाचा चढ दिसेल असा. त्याचे आराखडे हाती आहेत आणि डायही आहेत. येत्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांच्या नव्या तुकडीला तेच काम दिलं जाणार आहे, आणि त्या छेदावरच्या प्रत्येक पट्टीवर ‘न’ कोरलेलं असेल.